जे सभेला येत नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करा

ग्रामपंचायतीची किंवा पंचायत समितीची निवडणूक जवळ आली की गावोगावचे कार्यकर्ते तेच ते प्रश्न घेऊन बसतात. दवंडी दिली तरी बाया सभेला का येत नाहीत? पारधी बेड्यावरच्या लोकांची नावं यादीतच नाहीत, मग त्यांना बोलावून काय करायचं? वीटभट्टीवर गेलेल्या मजुराचं मत गावात राहतं की जातं? पॅनेलमध्ये सगळ्यांना घ्यायचं म्हटलं की आपलीच माणसं रुसतात, त्याचं काय? प्रश्न सुटे वाटले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत असते: चळवळ आपण उभी केली, दार उघडं ठेवलं, आता यायचं की नाही ते त्यांनी बघावं. ही समजूत चुकीची आहे. जे येत नाहीत ते बेफिकीर नसतात. मतदारयादी, सभेची वेळ, सभेची जागा आणि उमेदवार ठरवणारी बैठक या गोष्टी त्यांना न विचारता ठरलेल्या असतात. त्या बदलल्याशिवाय नुसत्या बोलावण्याने काही होत नाही. बदलायला फार पैसाही लागत नाही. कायद्याची थोडी माहिती लागते आणि मजुरीचा हंगाम कधी असतो हे ध्यानात घ्यावं लागतं.

बोलावणं वेगळं, आत घेणं वेगळं

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठावरचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. इथून रुक्मिणीची पालखी १५९४ पासून आषाढीला पंढरपूरला जाते, असं परंपरा सांगते. पंढरीच्या वाटेवर चालायला कोणत्याही जातीच्या माणसाला बंदी नव्हती. तरी विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. वाट सगळ्यांची आणि गाभारा काहींचा, ही रीत शेकडो वर्षं टिकली. वाटेवरची गर्दी पाहून आपण किती उदार आहोत असं सगळ्यांना वाटत राहतं, म्हणून अशा रीती टिकतात. राजकीय चळवळींचं फारसं वेगळं नाही. मोर्चात, सतरंजीवर, प्रचाराच्या ट्रॅक्टरवर सगळे असतात. उमेदवार ठरवायला मात्र रात्री पाच माणसं बसतात.

वर बसलेली एखादी व्यक्ती बदलली म्हणून खालची रीत बदलते असंही नाही. अमरावतीने लोकसभेवर उषा चौधरी, प्रतिभाताई पाटील आणि नवनीत राणा अशा तीन स्त्रिया वेगवेगळ्या काळात निवडून पाठवल्या. तिवसा मतदारसंघाने २००९ पासून लागोपाठ तीनदा यशोमती ठाकूर यांना आमदार केलं. एवढं असूनही गावच्या सभेत मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या बाईचं बोलणं त्यामुळे वाढलं, असं कोणी म्हणणार नाही. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी अवघ्या २१ स्त्रिया निवडून आल्या, आणि मतदान करणाऱ्यांत मात्र स्त्रिया पुरुषांच्या जवळपास बरोबरीने होत्या. मत द्यायला येणाऱ्यांची वाण नाही. ठरवायला बसणाऱ्यांत त्या नाहीत. आणि जे मत द्यायलाही येत नाहीत ते बेफिकीर नसतात, हे मेळघाटात दिसतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिथल्या काही गावांनी रस्ता, वीज, पाणी मिळत नाही म्हणून मतदानावर बहिष्कार टाकला. गाव बसून, विचार करून, ठरवून मतदान केंद्राकडे फिरकत नसेल तर त्याला उदासीन कसं म्हणायचं? तो एक राजकीय निर्णय होता, फक्त कोणत्याही चळवळीने त्याला आधी वाट करून दिली नव्हती.

मतदारयादी हाती घ्या

पत्रक छापण्याआधी यादी छापून घ्या. मतदारयादीची प्रत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते, तहसील कार्यालयात पाहता येते आणि बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, असते. बीएलओ बहुधा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात. ती यादी घेऊन घरोघरी मोठ्याने वाचा. कोण मेलं, कोण गेलं, कोण आलं, कोणाचं नाव चुकलं हे घरातली म्हातारी पाच मिनिटांत सांगते, आणि ते कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा खरं असतं.

स्त्रियांच्या नावांकडे जास्त लक्ष द्या. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीची यादी झाली तेव्हा, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, असंख्य स्त्रियांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नोंद करायला लावली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. नियम बरोबर होता, तरी फटका नेमका कोणाला बसला ते पाहा. आज हाच घोळ वेगळ्या रूपात चालू आहे. एकाच बाईचं नाव आधारवर माहेरच्या आडनावाने असतं, शिधापत्रिकेवर सासरच्या आणि बँकेच्या पुस्तकात तिसऱ्याच पद्धतीने. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत तसंच राहतं. नवऱ्याने आत्महत्या केलेली किंवा टाकून दिलेली बाई माहेरी परतते तेव्हा सासरच्या यादीतून तिचं नाव कमी झालेलं असतं आणि माहेरच्या यादीत कोणी घातलेलं नसतं. कापसाच्या पट्ट्यातल्या गावात अशा बायकांची गिनती करा. आकडा पाहून तुम्ही चपापाल.

कोणासाठी काय करायचं, ते थोडक्यात असं:

- अठरा पूर्ण झालेले आणि पहिल्यांदा नोंद करणारे: नमुना ६. आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.
- सासरी आलेल्या, माहेरी परतलेल्या, गाव बदललेल्या, नावात चूक असलेल्या: नमुना ८. पत्ता बदलणं, दुरुस्ती, नवं ओळखपत्र आणि अपंगत्वाची नोंद ही सगळी कामं याच नमुन्यात होतात.
- पालावर, बेड्यावर, उघड्यावर राहणारे: घराचा कागद नाही म्हणून अर्ज फेटाळता येत नाही. नमुना ६ मध्ये जिथे झोपतात ती जागा लिहायची. बीएलओने रात्री त्या ठिकाणी जाऊन माणूस खरोखर तिथे झोपतो का याची खात्री करायची असते. ती रात्रीची भेट व्हावी म्हणून तुम्ही पाठपुरावा करा, कारण अर्ज अडतो तो इथेच.
- वीटभट्टीवर, बांधकामावर, सोंगणीला बाहेरगावी गेलेले: लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चं कलम २० सांगतं की तात्पुरता गावाबाहेर गेलेला माणूस तेवढ्याने गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. ‘चार महिने दिसला नाही’ हे नाव वगळण्याचं कारण होऊ शकत नाही. मात्र दोन्हीकडे नाव ठेवू नका; खोटं निवेदन देणं गुन्हा आहे.
- तृतीयपंथी: लिंगाच्या रकान्यात स्त्री-पुरुषाखेरीज तिसरा पर्याय आहे. जुन्या नावाची कागदपत्रं जुळत नसतील तर बीएलओच्या प्रत्यक्ष पडताळणीवर भर द्या.

कोणीतरी नमुना ७ भरून तुमच्या वस्तीतल्या नावावर हरकत घेतली, असं निवडणुकीच्या तोंडावर घडतं. अशा वेळी घाबरून जाऊ नका. ज्याच्या नावावर हरकत आहे त्याला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा आदेश विरुद्ध गेला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. म्हणून प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा. तोंडी ‘झालं तुमचं काम’ यावर विसंबू नका. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली आणि गळालेल्या नावांची यादी कारणासह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. यादी एकदा तपासली म्हणजे कायमची झाली असं नसतं. दर पुनरीक्षणाला ती पुन्हा वाचावी लागते.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला असा की ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेसाठी वेगळी यादी होत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेऊन प्रभागवार फोडतो. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घ्यायची मुदत असते तेव्हा लोक नवं नाव घालायला धावतात. ते त्या टप्प्यावर होत नाही. चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव तेवढं दुरुस्त होतं. निवडणूक जाहीर झाल्यावर नोंदणीला निघालेली चळवळ उशिरा निघालेली असते. दुसरा खड्डा धर्मस्थळाचा. कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या यात्रेत आसपासच्या तालुक्यांचे लोक एका जागी सापडतात, नेमक्या त्याच सुमारास यादीच्या पुनरीक्षणाचा कार्यक्रमही बहुतेक वर्षी चालू असतो, म्हणून मंदिराच्या आवारातच टेबल मांडावं असा मोह होतो. मांडू नका. १९८८ च्या धार्मिक संस्था दुरुपयोग प्रतिबंध कायद्याने देवस्थानची जागा आणि देवस्थानने भरवलेला उत्सव, मिरवणूक राजकीय कामासाठी वापरायला मनाई आहे. अडचण तुमच्यापेक्षा विश्वस्तांना होईल. नोंदणीचं काम यात्रेत करायचंच असेल तर ते तहसील कार्यालयाच्या शिबिराला करू द्या. तुमचे कार्यकर्ते लोकांना तिथवर नेऊन सोडतील, झेंडा आणि चिन्ह घरी ठेवून.

सभेची वेळ कोणाच्या सोयीची?

आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घ्यायचा प्रघात पडला आहे. आता वऱ्हाडातलं शेत डोळ्यासमोर आणा. १५ ऑगस्टच्या आगेमागे निंदण असतं. २ ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी जोरात असते आणि हुंड्याने, म्हणजे उक्त्यावर, काम घेतलेली टोळी एक दिवसही मोकळी नसते. २६ जानेवारीला कापसाची शेवटची वेचणी, तूर आणि हरभरा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे सकाळी अकराच्या सभेला आलेल्या बाईचे त्या दिवसाचे पैसे बुडतात. तिने सभेला यावं असं म्हणणं म्हणजे तिने लोकशाहीसाठी पदरचे पैसे घालावेत असं म्हणणं आहे, आणि हे आपण पगारदार माणसाला कधी सांगत नाही. मेळघाटातले कोरकू मजूर दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि होळीला काहीही करून घरी येतात. त्यांच्याशी बोलायचं असेल तर होळीचा आठवडा गाठा. निवडणूक आयोगाचं वेळापत्रक तेव्हा काय म्हणतं याची पर्वा न करता.

ग्रामसभेला कोरम लागतो तो एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तो. कोरम झाला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला मग कोरमची अट राहत नाही. घरकुलाचे लाभार्थी, विहिरींची यादी, मनरेगाची कामं यांवर ग्रामसभेचं शिक्कामोर्तब लागतं, आणि ते अनेकदा अशा तहकूब सभेत वीस-पंचवीस माणसं उरकून टाकतात. वंचितांची राजकीय ताकद निवडणुकीत नव्हे, इथे गळते. तेव्हा चळवळीचं पहिलं मैदान ग्रामसभा हेच धरा. नियमित ग्रामसभेच्या आधी स्वतंत्र महिला ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे; ती कागदावर होते की खरोखर, ते पाहा. वेळ बदलून मागा, लेखी मागा. पुरेसं कारण नसताना सभाच न घेणारा सरपंच पदाला मुकू शकतो, हे त्याला ठाऊक असतं.

चळवळीच्या स्वतःच्या बैठकीसाठी जागा निवडताना गावातल्या जुन्या खुणा ओळखा. काही घरांच्या अंगणात काही लोक पिढ्यान्‌पिढ्या बसलेले नसतात. त्यांना तुम्ही ‘या ना, बसा ना’ म्हटलं तरी ते उंबऱ्याशीच उभे राहतात. शाळेचं पटांगण, अंगणवाडी, कधी बौद्धपुऱ्यातला विहार, कधी थेट बेडा, अशी जागा फिरती ठेवा. पहिला अर्धा तास नेहमी बोलणाऱ्यांना बोलू देऊ नका. कठोर वाटेल, पण पुढाऱ्याचं बोलणं आधी झालं की बाकीच्यांना त्याला हो किंवा नाही एवढंच म्हणायला उरतं, आणि गावात पुढाऱ्याला नाही कोण म्हणतं?

बाईच्या हाती काय आलं?

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे, कारण ही चळवळ स्त्रियांची म्हणून सुरू झाली नव्हती. कांदा, ऊस, कापसाच्या भावासाठी रस्त्यावर आलेली ती पुरुषांची संघटना. आंदोलनात बाया आल्या, तुरुंगात गेल्या. मग नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला केवळ स्त्रियांचं अधिवेशन भरलं, आणि तिथे चर्चा कापसाच्या भावापुरती राहिली नाही. घर, मारहाण, मालमत्ता हे विषय आले. पुढे दोन गोष्टी झाल्या. १९८९ च्या सुमारास, ७३ वी घटनादुरुस्ती यायच्या आधी, संघटनेच्या बळावर यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यात आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला ग्रामपंचायतीचा सगळा कारभार स्त्रियांच्या पॅनेलकडे आला. आणि लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा घरच्या बाईच्या नावावर करून दिला. शंभर घरांनी तो केला की गावाचा गौरव व्हायचा. या दुसऱ्या गोष्टीकडे नीट पाहा. बाईला व्यासपीठावर खुर्ची देणं सोपं, सातबाऱ्यावर नाव चढवणं अवघड. चळवळीने अवघड गोष्ट स्वतःच्या सभासदांकडून मागितली, सरकारकडून नव्हे. सर्वसमावेशक म्हणवणाऱ्या तुमच्या संघटनेला हीच कसोटी लावा: आपल्याच बहुसंख्य सभासदांना काही सोडायला लावणारा एकतरी ठराव आपण केला आहे का?

याचा रोजच्या कामातला अर्थ असा की उमेदवार निवडणारी समिती आधी बदला. प्रत्येक वस्तीने आपला माणूस आपल्या बैठकीत निवडून त्या समितीवर पाठवायचा, वरून नेमायचा नाही. त्याला किंवा तिला नुसतं मत नको, आपल्या वस्तीच्या उमेदवाराबद्दल अडवण्याचा अधिकार द्या. आणि एकटं पाठवू नका. दहा पुरुषांत एक बाई, किंवा दहा कुणब्यांत एक पारधी बसला की तो शोभेपुरता होतो. दोघं-तिघं असले की एकमेकांकडे पाहून बोलायला धीर येतो.

संघटनेचं रूप कोणतं घ्यायचं, हाही सारखा विचारला जाणारा प्रश्न. ग्रामपंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे गावपातळीवर साधं पॅनेल पुरतं. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला पक्षचिन्हं येतात. तिथे स्थानिक आघाडी करून राज्य निवडणूक आयोगाकडे नोंदवता येते किंवा एखाद्या पक्षाशी बोलणी करता येतात. केंद्रीय निवडणूक आयोगाकडे पक्ष नोंदवायला किमान शंभर नोंदणीकृत मतदार सभासद लागतात. हे अशक्य नाही. पण वर्षाचा हिशेब, लेखापरीक्षण हा भार उचलायची तयारी नसेल तर पहिल्या पाच वर्षांत त्या वाटेला जाऊ नका, असं माझं मत आहे.

उमेदवारी देण्याआधी हे तपासा

ज्यांना कधीच उभं केलं नाही त्यांचेच अर्ज छाननीत जास्त बाद होतात, आणि मग ‘बघा, त्यांना जमत नाही’ म्हणायला गाव मोकळं होतं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मधल्या अपात्रता गरिबाला जास्त झोंबणाऱ्या आहेत. हे अन्यायाचं आहे असं तुम्हाला वाटलं, तर त्याविरुद्ध बोला. पण अर्ज भरायच्या दिवशी कायदा आहे तसा धरून चाला.

- १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनहून जास्त होत असेल, तर अपात्रता येते. सुनेला मुलं किती व्हावीत हे बहुधा तिने ठरवलेलं नसतं, अपात्र मात्र ती होते.
- सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तरी अपात्रता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की अतिक्रमण घरच्या माणसाने केलेलं असलं आणि उमेदवार तिथे राहत असला तरी ही तरतूद लागू होते. भूमिहीन वस्त्या बहुतेक गावठाणाबाहेरच्या सरकारी जागेवरच आहेत. म्हणून अतिक्रमण नियमित करून घेण्याचा पाठपुरावा निवडणुकीच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू करा.
- घरी शौचालय असल्याचं आणि त्याचा नियमित वापर होत असल्याचं प्रमाणपत्र.
- राखीव जागेसाठी जात वैधता. ती ठरल्या मुदतीत सादर झाली नाही तर निवडून आल्यावरही पद जातं. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. फासेपारधी कुटुंबाकडे शाळेचा दाखला कुठून असणार? आजोबा-पणजोबांची जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात सापडते का ते पाहा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून तिची नक्कल मिळते. या कामाला महिने लागतात.

निवडून आलेल्या बाईच्या जागी नवरा कारभार पाहतो, ही तक्रार खरी आहे. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांना पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, पण सही तिची आणि शब्द त्याचा, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. नवऱ्याला ठराव मांडण्याचा, मत देण्याचा, तिच्या नावे सही करण्याचा कोणताही अधिकार नाही. तिला मासिक सभेची नोटीस, विषयपत्रिका आणि कीर्दवही आधी वाचता यावी यासाठी दर महिन्याला एखादी जाणकार बाई तिच्यासोबत बसवा. हे काम भाषणापेक्षा जास्त फळ देतं.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

‘वेगवेगळ्या गटांच्या वेगळ्या सभा घेतल्या की चळवळ फुटते.’ हा आक्षेप जुना आहे आणि इतिहासाने तो खोडला आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने अखिल भारतीय परिषद भरली, त्यातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं. त्याच वेळी, २० जुलैला, दलित स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. हजारो स्त्रिया जमल्या होत्या आणि अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. स्त्रियांनी वेगळं बसून ठराव केल्याने फेडरेशन फुटलं नाही. फूट पडते ती वेगळं बसल्याने नव्हे, वेगळं बसून जे ठरलं ते मुख्य बैठकीने कचऱ्यात टाकल्याने.

‘आमचा समाज गावात मोठा आहे, इतरांना जवळ केलं तर आमचे लोक दुरावतील.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला टाळू नका. नोव्हेंबर १९२७ मध्ये आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तापला, तेव्हा पापळच्या शेतकरी कुटुंबातले पंजाबराव देशमुख त्या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. सनातनी चिडले. पण पुढे जिल्हा कौन्सिलचं अध्यक्षपद आणि नंतर दिल्लीत कृषिमंत्रिपद भूषवताना बहुजन शेतकरी समाज त्यांच्यामागेच राहिला. आजचा हिशेबही सोपा आहे. तीन-चारशे मतांच्या प्रभागात निकाल दहा-वीस मतांनी फिरतो, आणि आपल्या भावकीतली मतं आधीच दोन-तीन पॅनेलांत वाटली गेलेली असतात. काही जण रुसतील. त्यांच्याशी खुलेपणाने बोला, पण त्यांचा रुसवा काढण्यासाठी दिलेला शब्द मागे घेऊ नका. शब्द एकदा मागे घेतला की बेड्यावर पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही.

‘ती मतं विकली जातात, त्यांच्यावर मेहनत कशाला?’ हा सगळ्यांत कमकुवत आक्षेप आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारा. मत विकलं जातं तेव्हा विकत घेणाराही असतो, आणि तो बेड्यावर राहत नाही. ज्या माणसाकडे पाच वर्षांत एकदाच कोणी येतं त्याला त्या एका भेटीची किंमत वसूल करावीशी वाटली तर त्यात नवल काय? त्याच्या शिधापत्रिकेसाठी, जातीच्या दाखल्यासाठी मधली चार वर्षं खेटे घाला, मग मतदानाच्या आदल्या रात्री काय होतं ते पाहा. सगळे पैसे नाकारतील असं नाही. पैसे घेऊनही मत मनासारखं देता येतं हे मात्र लोकांना कळलेलं असतं, कारण मतदान गुप्त आहे.

मतदानाचा दिवस

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. यादीत नाव असेल तर मतदार ओळखपत्र हरवलं म्हणून परत फिरवता येत नाही. आधार, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक चालतं. नुसती मतदार चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा नाही. अंध किंवा अशक्त मतदाराला सोबती नेता येतो, पण एक सोबती दिवसभरात एकाच मतदारासाठी, म्हणून माणसं आधी ठरवा. लोकसभा आणि विधानसभेला पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना आणि चाळीस टक्के अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय आहे, त्यासाठी नमुना १२-ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. याच दोन निवडणुकांत मजुराला त्या दिवसाची भरपगारी सुटी देणं मालकावर बंधनकारक आहे, रोजंदारीवरच्या मजुरालाही. भट्टीमालकाला हे आधीच लेखी कळवा.

निकालानंतर

हरलेल्या उमेदवाराकडे चळवळीचं लक्ष नसतं, आणि पहिल्यांदा उभे राहिलेले बहुतेक जण हरतात. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक उमेदवाराने, जिंकलेल्या आणि हरलेल्याही, निकालापासून तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब सादर करायचा असतो. हरलेल्या बाईला हे कोणी सांगत नाही. पावत्या पॅनेलप्रमुखाच्या खिशात राहतात, मुदत उलटते आणि तिला पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पॅनेलच्या सगळ्या उमेदवारांच्या पावत्या एका जागी गोळा करा, हिशेब भरून द्या आणि तहसीलची पोच प्रत्येकीच्या हातात ठेवा.